फक्त अपेंडिक्स

सोमवार, २७ सप्टेंबर १९७६

आज पुन्हा मीटिंग. तालुक्याच्या साहेबांनी आम्हा सगळ्या नर्सना एकेक करून उभं केलं आणि आकडे विचारले. कुटुंब नियोजनाचं एक ऑपरेशन म्हणजे एक केस. मला मार्चपर्यंत सहा आणायच्या आहेत. आतापर्यंत शून्य. साहेब म्हणाले, तुम्हाला पगार कशाचा मिळतो? खाली बघत उभी राहिले. एक्केचाळीस वर्षांची बाई, गृहपाठ न केलेल्या पोरीसारखी.

बाहेर आल्यावर आमच्या आरोग्य केंद्राचे डॉ. घोरपडे जवळ आले. म्हणाले, सहा पुऱ्या करा, उंब्रजच्या बदलीची शिफारस मी स्वतः लावून धरतो. उंब्रज! तिथं आई आहे, आईजवळ माझी अंजना. यंदा नववीला. हे गेल्यापासून नोकरी नेईल तिकडं जायचं, आणि नोकरीनं आणलंय ह्या माणदेशात. लेक फक्त सुट्टीत दिसते. दर खेपेला उंची वाढलेली.

एसटीतून उतरून उपकेंद्रावर आले तर पायरीवर धोंडुबाई बसलेली. धनगरवाडीवरची. काखेत आठ महिन्यांचं पोर — त्याचं बाळंतपण मीच केलेलं. म्हणाली, मालकाचं पोट चार दिवस दुखतंय, चला. पायातल्या चपला काढल्या पण नव्हत्या. तशीच निघाले. दोन मैल चढ.

हरिबा घोंगड्यावर उजवा गुडघा पोटाशी घेऊन पडलेला. सहा फुटी माणूस, पण गाठोडं झालेलं. भावकीतल्या म्हाताऱ्यानं पोटावर दोन डाग दिलेत, तापल्या विळ्यानं. शिवाय दोनदा एरंडेल पाजलं. डागांच्या खाली उजवीकडं हात ठेवला तर पेरूएवढी कडक गाठ लागली. ताप एकशे दोन. नाडी एकशे दहा. हे अपेंडिक्स, आणि उशीर झालेलं. एरंडेल तर मुळीच द्यायला नको होतं. पण कुणाला बोलायचं? म्हातारा दारात बसून माझ्याकडंच बघत होता.

मी म्हटलं, दवाखान्यात न्यावं लागेल, कदाचित ऑपरेशन करतील. त्या एका शब्दानं घोटाळा केला. एवढ्या कळा येत असताना हरिबा उठून बसला. माझ्याकडं नाही, छपराकडं बघत बोलला, "पलीकडच्या वाडीवरच्या तिघास्नी जीपीत घालून नेलं. बाई, एकदा झोपवून फाडलं की आत काय काय कापलं त्ये आमाला कसं कळायचं?"

मी सांगितलं, ते ऑपरेशन वेगळं, हे वेगळं. जागा वेगळी. तो म्हणाला, करणारा तर त्योच न्हवं?

जीव गेला तरी चालंल पण जाणार नाही, असं त्यानं दोनदा सांगितलं. उद्या डॉक्टरांनाच घेऊन येते म्हटलं आणि उतरले. पाय सुजलेत. स्वयंपाक केला नाही.

मंगळवार, २८ सप्टेंबर

डॉक्टर फटफटीवरून आले. शेवटचा अर्धा मैल चालत. नीट तपासलं त्यांनी, घाई केली नाही. बाहेर येऊन मला समजावून सांगितलं. पहिल्या दिवशी सापडला असता तर सरळ ऑपरेशनला पाठवला असता. आता पाचवा दिवस. आतड्यांनी आणि चरबीच्या पडद्यानं त्या सुजलेल्या अपेंडिक्सभोवती कुंपण घातलंय, तीच ही गाठ. आत्ता त्यात हात घालायचा म्हणजे कुंपण मोडायचं, आतडं फाटायची भीती. त्यापेक्षा पोटाला पूर्ण विश्रांती. तोंडानं काही नाही. सलाईन. सकाळ-संध्याकाळ पेनिसिलीन, जोडीला स्ट्रेप्टोमायसिन. गाठ विरली तर तीन महिन्यांनी, सगळं निवळल्यावर, उरलेलं अपेंडिक्स काढून टाकायचं. खरं तर हेही दवाखान्यातच व्हायला हवं. पण तो येत नसेल तर काय करणार? मात्र नाडी वाढली, पोट फळीसारखं झालं, दुखणं सगळीकडं पसरलं, तर कुणाला विचारायचं नाही. गाडीत घालायचं.

हरिबानं ह्यातलं एवढंच ऐकलं की आत्ता ऑपरेशन नको. खटला जिंकल्यासारखं माझ्याकडं बघितलं.

डॉक्टरांनी शाईच्या पेन्सिलीनं गाठीच्या कडेनं पोटावर रेघ काढली. रोज काढा म्हणाले. गाठ रेघेच्या आत सरकली पाहिजे.

सलाईनची बाटली छपराच्या मेढीला बांधली. दिवसातून दोन खेपा म्हणजे आठ मैल. एवढ्यात लसीकरणही आहे, ह्या महिन्याचं रजिस्टरही आहे, आणि केसेस आहेतच.

बुधवार, २९ सप्टेंबर

रेघ तिथंच. ताप तेवढाच. नाडी एकशे चौदा. मला नाही बरं वाटत.

गुरुवार, ३० सप्टेंबर

हरिबा ताकासाठी गयावया करतोय. त्याची आई म्हणते, माणूस उपाशी ठेवून बरा होतो हे कुठं ऐकलंय? ती भांडं घेऊन आली तर धोंडुबाई उंबऱ्यात आडवी बसली. सासूला आत येऊ दिलं नाही. शिव्या खाल्ल्या, उठली नाही. मांडीवर पोर पीत होतं, बाकीची चार भोवती. मी सुई उकळत होते. मला म्हणाली, अजून किती दिस? मी म्हटलं, दोन. तिनं मान हलवली. ह्या बाईला मी कधी झोपलेली बघितलेली नाही.

नाडी एकशे चार. कुणाला सांगितलं नाही, दृष्ट लागेल.

रविवार, ३ ऑक्टोबर

गाठ रेघेच्या एक बोट आत! ताप नव्व्याण्णव. पाणी सुरू केलं, चमच्यानं. काल दसरा होता हे आज लक्षात आलं.

शनिवार, ९ ऑक्टोबर

गाठ आता लिंबाएवढी. पोटावर चार रेघा झाल्यात, एकीच्या आत एक. हरिबा म्हणाला, बाईनं माझ्या पोटावर बांध घातलं. पहिल्यांदा हसला. भाताची पेज प्यायला.

डॉक्टर येऊन बघून गेले. खूश होते. तिथंच बसून सर्जनच्या नावानं इंग्रजीत चिठ्ठी लिहिली, पाकिटात घालून डिंकानं चिकटवली. तीन महिन्यांनी ही घेऊन जायचं, म्हणाले.

ते गेल्यावर हरिबानं पाकीट उलटंसुलटं करून बघितलं. ह्यात काय लिहिलंय म्हणून विचारलं. मी म्हटलं, तुझा आजार, आणि काय काय औषधं झाली ते.

"फकस्त आजारच?"

"फक्त आजारच."

"शबुद देता?"

दिला. पाकीट फोडून बघावं असं मनात आलं नाही. डॉक्टरांची बंद चिठ्ठी आपण उघडत नाही, सतरा वर्षांची सवय.

सोमवार, १ नोव्हेंबर

दिवाळी झाली. सुट्टी मिळाली नाही. अंजनाचं पत्र — गणितात पहिली आली.

हरिबा मेंढरं घेऊन पश्चिमेला निघाला. दरवर्षी ह्या दिवसांत जातात, कराडकडच्या शेतांत खतासाठी मेंढरं बसवायला. मी वाटेत गाठलं. जाऊ नको म्हटलं, जायचंच तर जानेवारीत ऑपरेशनला ये. त्यानं शांतपणे विचारलं, पोट दुखत नाही, गाठ लागत नाही, मग कापायचं कशाला? मी म्हटलं, बऱ्याच जणांना परत होतं, आणि दुसऱ्या खेपेला गाठ धरेलच असं नाही. तो म्हणाला, बऱ्याच जणांना होतं म्हणजे काही जणांना होत नाही.

हे खरंच आहे. डॉक्टरांनाही विचारलं होतं मी, ते म्हणाले होते, सांगता येत नाही म्हणूनच काढायचं. हे हरिबाला सांगितलं. तो म्हणाला, सांगता येत न्हाई म्हणूनच ऱ्हाऊ द्या.

पाकीट मात्र पटक्यात खोचलेलं दिसलं. धोंडुबाई घोड्यावर बिऱ्हाड लादत होती. आमच्या आईचं घर उंब्रजला कुठं आहे ते तिनं मला नीट विचारून घेतलं.

बुधवार, २४ नोव्हेंबर

शाळेतल्या एका मास्तरांनी त्यांच्या वाटणीची केस आणली. म्हातारा होता. तोंडात दात नाहीत. मी फॉर्म भरत होते. वय विचारलं तर मास्तरांनी पंचेचाळीस सांगितलं. मी पंचेचाळीस लिहिलं.

लिहिलं.

शुक्रवार, १७ डिसेंबर

माझ्या चार झाल्या. चौघीही बायका, दोघी आपणहून आल्या, दोघींना सासऱ्यांनी पाठवलं. कसं पाठवलं ते विचारलं नाही. साहेब मीटिंगमध्ये म्हणाले, आता बघा, मनात आणलं की होतं. गुडघे फार दुखतात.

गुरुवार, १३ जानेवारी १९७७. उंब्रज

संक्रांतीची चार दिवस रजा. अंजना माझ्या खांद्याच्या वर गेली. आई भोगीची भाजी करत होती, मी बाजरीच्या भाकरी थापत होते, तोच दारात धोंडुबाई. धापा टाकत. त्यांची मेंढरं इथून तीन मैलांवर एका बागायतदाराच्या रानात बसलीत. काल संध्याकाळपासून हरिबाच्या पोटात दुखतंय. आधी बेंबीभोवती, आता उजवीकडं. दोनदा उलटी.

पिठाचे हात धुतले आणि गेले. ह्या वेळी गाठ नाही. बोटानं दाबून सोडलं तर ओरडला. ह्या वेळी डाग नाहीत, एरंडेल नाही. धोंडुबाईनं त्याला पाणीसुद्धा दिलं नव्हतं.

मी काही बोलायच्या आत हरिबाच म्हणाला, "बाई, न्या. पर तुमी तितं हुभं ऱ्हायचं. माझ्याम्होरं. मी झोपल्यावर बी."

बागायतदारानं ट्रॅक्टर जोडला. महामार्गावर एसटी मिळाली.

शुक्रवार, १४ जानेवारी. कराड

कालचं आज लिहिते. रात्रभर दवाखान्याच्या बाकावर होते.

सर्जन वयस्क, कमी बोलणारे. तपासून म्हणाले, बरं झालं चोवीस तासांच्या आत आणलंत. आता थांबण्यात अर्थ नाही. नुसत्या औषधावर एकदा वाचला, दर खेपेला वाचेल असं नाही. मग पाकीट मागितलं. हरिबानं पटक्यातून काढून दिलं. तीन महिन्यांत घामानं पिवळं पडलेलं.

चिठ्ठी वाचून त्यांनी मला बाजूला बोलावलं. "मग दोन्ही करायचं ना? पेशंट राजी आहे असं लिहिलंय."

मी चिठ्ठी हातात घेतली. डॉ. घोरपड्यांचं अक्षर. आजार, औषधं, गाठीचं माप, सगळं व्यवस्थित. शेवटी दोन ओळी. पेशंटला पाच मुलं असून अपेंडिक्ससोबत नसबंदी करून घ्यायला तो राजी आहे. त्याला तयार करणारी परिचारिका — आणि माझं नाव.

इथं खरं लिहिते, कारण दुसरीकडं कुठं लिहिणार नाही. मी लगेच नाही म्हटलं नाही. चिठ्ठी परत वाचत असल्यासारखं केलं. माझ्या चार झालेल्या, ही पाचवी. मार्चपर्यंत सहावी कुठूनही मिळाली असती. जूनला मी उंब्रजला असते, अंजना दहावीत असताना घरात आई असती. मला काही करायचंही नव्हतं. फक्त गप्प बसायचं होतं. हरिबाला पाच पोरं आहेत, त्याचं काय बिघडणार होतं? हाही विचार आला. व्हरांड्यातल्या स्ट्रेचरवरून तो माझ्या तोंडाकडं बघत होता. कळत तर काहीच नव्हतं त्याला.

"नाही सर," मी म्हटलं. "फक्त अपेंडिक्स."

सर्जननी चष्म्यावरून बघितलं. म्हणाले, मग हे कुणी लिहिलं? मी म्हटलं, गैरसमज झाला असेल. त्यांनी त्या दोन ओळींवर काट मारली आणि शेजारी माझी सही घेतली. नाव, हुद्दा, तारीख. एवढी सावकाश सही मी कधी केली नाही.

संमतीचा कागद मी हरिबाला शब्द न् शब्द वाचून दाखवला. मग त्याचा अंगठा घेतला. चिठ्ठीतलं काही सांगितलं नाही. शब्द मी दिला होता आणि तो खोटा निघाला होता, हे त्याला कसं सांगू?

आत उभी राहिले. पन्नास मिनिटं. अपेंडिक्स लालबुंद, करंगळीएवढं सुजलेलं. अजून फुटलं नव्हतं. सर्जन म्हणाले, संध्याकाळपर्यंत फुटलं असतं.

ट्रेमध्ये घालून धोंडुबाईला दाखवलं. "एवढ्याश्यासाठी?" म्हणाली, आणि भिंतीला टेकून खाली बसली.

शनिवार, १५ जानेवारी. कराड

हरिबा पुरता शुद्धीवर आला तेव्हा त्याचा हात पहिल्यांदा चादरीखाली गेला. पोटाकडं नाही. चाचपून झाल्यावर माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, जिथल्या तिथं आहे सगळं. तो भिंतीकडं तोंड करून रडला. मला हसू आलं, मग नाही आलं.

रजा संपली. उंब्रजच्या घरी परत जाणं झालंच नाही. अंजना बस स्टँडवर येऊन तिळगूळ देऊन गेली.

शनिवार, २२ जानेवारी

कराडहून निरोप — टाके काढले. जखम चांगली. दीड महिना जड उचलायचं नाही. म्हणजे मेंढरं, पाणी, बिऱ्हाड, सगळं धोंडुबाईवर.

गुरुवार, ३ फेब्रुवारी

आज डॉ. घोरपड्यांना चिठ्ठीतल्या त्या दोन ओळींबद्दल विचारलं. विचारायचं म्हणून तीन आठवडे घोकत होते.

ते म्हणाले, सिस्टर, तुमच्यासाठीच लिहिलं होतं. शांतपणे म्हणाले. तुमची लेक तिकडं, तुम्ही इकडं. त्या माणसाचं कल्याणच झालं असतं. मी म्हटलं, मला विचारलं का नाही? म्हणाले, विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असतात.

वाईट माणूस नाही. दोनदा स्वतः चढून गेला तो हरिबासाठी. त्याच्याशिवाय हरिबा सप्टेंबरातच गेला असता. हे सगळं एकाच माणसात कसं बसवायचं ते मला कळत नाही. चहा आला. दोघांनी घेतला. मग पेशंट सुरू झाले.

सहावी काय, पाचवी केससुद्धा मी शोधली नाही.

गुरुवार, २४ मार्च

निवडणुकीचा निकाल लागला. आणीबाणी उठली. केंद्राच्या भिंतीवरचा केसेसचा तक्ता कुणीतरी काढून टाकलाय. तिथं चौकोन पांढरा दिसतो. मीटिंगला आकडे कुणी विचारले नाहीत. साहेब फक्त हिवतापाबद्दल बोलले. जणू काही झालंच नव्हतं.

गुरुवार, ५ मे

बदल्यांची यादी लागली. माझं नाव नाही. कुणी सूड घेतला असंही नाही, शिफारसच गेली नव्हती. अंजनाला पत्र लिहायला बसले. दोन ओळी झाल्या. त्या दिवशी गप्प बसले असते तर — असं किती वेळा म्हणायचं? पश्चात्ताप नाही. थकले मात्र आहे. अजून एक वर्ष.

सोमवार, २३ मे

मेंढरं माघारी आली. धोंडुबाई उपकेंद्रावर आली, एकटीच, पोरं कुणाजवळ तरी ठेवून. हरिबा बरा आहे. सगळ्या वाडीला व्रण दाखवत फिरतो, बाईनं शब्द पाळला म्हणून सांगतो. ती बाकावर बसली. मग एकदम म्हणाली, माजं आपरेशन करा. पोरं न होन्याचं. दिवाळीच्या आधीपासून मनात होतं, पण तुम्ही सगळी मालकाच्या पोटाकडं बघत होता.

मी म्हटलं, करता येईल, आता सक्ती कुणाची नाही, पण कागदावर नवऱ्याचा अंगठा लागतो. हरिबाला विचारलंस का?

तिनं दाराकडं एकदा बघून घेतलं.

"त्यास्नी सांगा, मलाबी तसलीच गाठ झालीया. तुमच्या शबदाला त्ये न्हाई म्हणायचं न्हाईत."